सिंक झालं का?

परवा साइटवरून कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात ज्युनियरवर ओरडत होतो. फोन कानाला लावता लावता तिला विचारलं, “सिंक झालं का?” उत्तर पलीकडून आलं. “झालं साहेब, कालच बसवलं. नळ तेवढा बाकी आहे.”

आमच्या धंद्याची सध्याची अवस्था एवढ्या संवादात मावते. ऑफिसात सिंक म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममधली इमारतीची मॉडेलं एकमेकांशी जुळवून घेणं. साइटवर सिंक म्हणजे भांडी घासायची जागा. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, म्हणून त्या लोकांची सुटका होते. देवनागरीत दोघांना एकाच खुर्चीवर बसावं लागतं. खरं सांगायचं तर साइटवरचं सिंक जास्त भरवशाचं. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे दिसतं. तुंबलं तर त्याच दिवशी कळतं.

ज्यांच्या पोटापाण्याशी या प्रकाराचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली इमारत एकदा काढून भागत नाही. पहिली कल्पना उतरते स्केचअपमध्ये, कारण तिथे चौकोन काढून वर खेचला की खोली उभी. कामाचे नकाशे, दारं-खिडक्यांच्या याद्या, विटा-काँक्रीटचा हिशेब निघतो रेव्हिटमध्ये किंवा आर्किकॅडमध्ये. छप्पर लाटेसारखं हवं असेल तर राइनो. आणि क्लायंटला भुरळ घालायची असेल तर लुमियन नाहीतर ट्विनमोशन, ज्यात संध्याकाळचं ऊन, नुकत्याच पावसाने ओली झालेली फरशी आणि आपल्या सोसायटीत कधीच न दिसणारी सडपातळ माणसं आयती मिळतात. म्हणजे प्लॉट एक आणि इमारती चार. त्या चौघी एकसारख्या राहाव्यात म्हणून प्लगिन. दोन्ही घरांत ऊठबस असलेला मध्यस्थ. इकडची भिंत उचलतो, तिकडे नेऊन ठेवतो आणि परत येऊन बरोबरची हिरवी खूण दाखवतो.

त्या हिरव्या खुणेशी माझं वैर आहे. ‘पोचलं’ एवढंच सांगायला ती नेमलेली आहे, आणि आम्ही तिचा अर्थ ‘बरोबर आहे’ असा घेतो. कुरिअरवाल्याने सही घेतली म्हणजे आतला आंबा हापूस निघेलच असं नाही.

मुळात भांडण कशाचं आहे ते बघा. भिंत म्हणजे काय, यावर या प्रोग्रॅमचं एकमत नाही. स्केचअपला भिंत नावाची चीज कळतच नाही. त्याला कडा कळतात आणि पृष्ठं कळतात. सहा पृष्ठं एकमेकांना चिकटली की तुम्ही तिला भिंत म्हणा, टेबल म्हणा, ओटा म्हणा, त्याची कशालाच हरकत नसते. एक पृष्ठ पुसलं की आत रिकामं खोकं, वीट ना माती. रेव्हिटची तऱ्हा बरोबर उलटी. तिथे भिंतीला भिंत म्हणूनच जन्माला यावं लागतं. तिला आतलं प्लास्टर, मधली वीट, बाहेरचं प्लास्टर असे थर असतात. ती कुठल्या मजल्यावर उभी आहे आणि कुठल्या मजल्याला टेकली आहे हे तिला ठाऊक असतं. दार तिच्या पोटात बसतं, भिंत काढली की तेही जातं. शिवाय प्रत्येक वस्तूची आधी कॅटेगरी, मग फॅमिली, मग फॅमिलीतला टाइप. हो, फॅमिलीच म्हणतात. कूळ, गोत्र, शाखा सांगितल्याशिवाय पंगतीत पाट मिळत नाही.

आता स्केचअपची ती निनावी भिंत प्लगिनने रेव्हिटच्या दारात आणून उभी केली की काय होणार? “कुणातली?” “माहीत नाही.” “बरं, बस तिकडे कोपऱ्यात.” फार गाजावाजा न करता तिची नोंद ‘जेनेरिक मॉडेल’ अशी होते. दिसायला भिंत. पण तिच्यात दार बसत नाही, भिंतींच्या यादीत तिचं नाव येत नाही, विटांच्या हिशेबात ती धरली जात नाही. क्लायंटला थ्रीडी दाखवलं तर घर भरलेलं. यादी काढली तर घराला भिंती नाहीत. आणि वर हिरवी खूण.

यावर उतारा म्हणून आयएफसी नावाची एक सामाईक भाषा केली गेली. १९९४ मध्ये ऑटोडेस्कने अमेरिकेतल्या बारा कंपन्या एकत्र बसवून तिचं काम सुरू केलं. पुढे ते स्वतंत्र संस्थेकडे गेलं, तिचं आजचं नाव बिल्डिंगस्मार्ट. २०१३ मध्ये या भाषेला पूर्ण आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला, क्रमांक १६७३९. म्हणजे एकोणीस वर्षं. आपल्याकडच्या समित्यांना उगीच नावं ठेवतो आपण.

या भाषेत भिंतीला शब्द आहे, दाराला आहे, जिन्याला आहे, कठड्याला आहे. आणि ज्या वस्तूचं काय करावं हे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही तिच्यासाठीही एक शब्द आहे : बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी. प्रॉक्सी! महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात चार वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. मला एकदा एका कन्सल्टंटकडून फाइल आली, तिच्यात अख्खा जिना प्रॉक्सी होता. पायऱ्या प्रॉक्सी, कठडा प्रॉक्सी. हजेरीपट भरलेला आणि वर्गात कुणी नाही.

बरं, हे सगळे एकच भाषा का बोलत नाहीत? भाऊबंदकी, दुसरं काय. स्केचअप २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात जन्मलं, २००६ मध्ये गुगलच्या घरी गेलं, २०१२ मध्ये ट्रिम्बलच्या. रेव्हिट मॅसॅच्युसेट्सचं. यंत्रांचे भाग काढायची सॉफ्टवेअर करणाऱ्या दोघांनी १९९७ मध्ये कंपनी थाटली आणि २००२ मध्ये ती १३.३ कोटी डॉलरला ऑटोडेस्कने घेतली. आर्किकॅड बुडापेस्टचं, आता जर्मन नेमेचेकच्या एकत्र कुटुंबात. प्रत्येकाचा सातबारा वेगळा, आणि गावाकडे बांधावरून जे चालतं तेच इथे चालतं. रेव्हिटचं तर स्वतःशीही पटत नाही. नव्या आवृत्तीत जपून ठेवलेली फाइल आदल्या वर्षीच्या आवृत्तीत उघडत नाही. थोरल्याचं पत्र धाकट्याला वाचता येतं, धाकट्याचं थोरल्याला नाही, आणि दोघांत अंतर एका वर्षाचं.

२०२० च्या जुलैत लंडनच्या बड्या आर्किटेक्ट मंडळींनी, त्यात झहा हदीद आर्किटेक्ट्सही होते, ऑटोडेस्कच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहून रेव्हिटचा खर्च आणि त्याची गोगलगायीची प्रगती यावर तक्रार केली. मला ते पत्र वाचून फार बरं वाटलं. आपण पुण्यात एरंडवण्यात रडतो तसंच लंडनमध्येही रडतात. २०२४ मध्ये ऑटोडेस्क आणि नेमेचेक यांनी आपल्या प्रॉडक्टांमधली देवाणघेवाण सुधारण्यासाठी करार केला. करार! दोन शेजारी देश नदीच्या पाण्यावर करतात तसा. मधल्या काळात आमच्यासारख्यांसाठी प्लगिनच्या फळ्या टाकलेल्या आहेतच. आधी बांध घालायचा, मग बांधावर फळी टाकायची, आणि फळीचं भाडं दरवर्षी.

(राइनोवाल्यांनी मात्र बांधाचा नाद सोडला. राइनो.इनसाइड नावाच्या प्रकारात त्यांचा गेंडा सरळ रेव्हिटच्या पोटात शिरून बसतो आणि तिथून काम करतो. सोबत ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडाही असतो. ज्या धंद्यात गेंडा आणि नाकतोडा यांच्यावर विसंबून छप्पर घालतात त्या धंद्यातल्या माणसाने पंचतंत्राला हसू नये.)

जाहिरातीत आणखी एक शब्द असतो, ‘लाइव्ह’. लाइव्ह लिंक, लाइव्ह सिंक. इकडे खिडकी हलवा, तिकडे लगेच हललेली दिसेल. दिसते, खरंच दिसते. पण चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाणारा रस्ता बहुतेक वेळा लक्ष्मी रोडसारखा एकेरी असतो. तिकडे क्लायंटसमोर बसून खिडकीचा रंग बदलला, झाड हलवलं, तर ते परत मूळ मॉडेलमध्ये येत नाही. क्लायंट खूश होऊन घरी जातो, आणि ज्या मॉडेलवरून काम होणार त्याला त्या खुशीची खबर नसते.

ओळखपत्रांची भानगड वेगळीच. प्लगिन भिंतीला तिच्या चेहऱ्यावरून ओळखत नाही, नंबरावरून ओळखतो. आयएफसीत प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांचा नंबर असतो, बाकी प्रोग्रॅमची आपापली पद्धत. भिंत हलवली तर नंबर तोच, म्हणून तिच्यावरची मापं, खुणा, नावं सगळं सोबत हलतं. पण एखाद्या उत्साही पोराने ती पुसून त्याच जागी, त्याच मापाची पुन्हा काढली, तर तुमच्या-माझ्या दृष्टीने काहीच झालं नाही. प्लगिनच्या दृष्टीने एक मयत आणि एक जन्म. जुन्या भिंतीला बांधलेली मापं वाऱ्यावर. ऑफिसात यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरून झाली नसतील.

मापांचं तर विचारूच नका. रेव्हिट पडद्यावर मिलिमीटर दाखवतं, पण पोटात प्रत्येक लांबी दशांश फुटांत ठेवतं. हे कळलं तेव्हा मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. हा तर आपल्यातलाच! आपण गिऱ्हाइकाशी चौरस फुटांत बोलतो, रेराच्या कागदावर चौरस मीटर लिहितो, नकाशा मिलिमीटरमध्ये काढतो, गवंड्याला ‘नऊ इंची घे’ म्हणतो आणि जमीन गुंठ्यात मोजतो. नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, नकाशावर २३०. मधले १.४ मिलिमीटर प्लास्टरखाली कायमचे झाकले जातात. गवंडी समजून घेतो. प्लगिन समजून घेत नाही. त्याला एका बाजूने मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने इंच मिळाले तर तो पंचवीसपट मोठा बंगला शांतपणे उभा करतो. मॉडेलचा शून्यबिंदू दोन्हीकडे वेगळा असेल तर एरंडवण्यातली इमारत वाघोलीच्या दिशेने कुठेतरी जाऊन बसते. हिरवी खूण दोन्ही वेळा येते. तिला भूगोल नाही.

हे दुखणं गरिबांचंच आहे असं समजू नका. एअरबसचं ए३८० हे दुमजली विमान. हॅम्बुर्गची मंडळी कॅटिया या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत काम करत होती, तुलूझची नव्या. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर, म्हणजे जवळपास पुणे-हैदराबाद. जर्मनीतून वायरींचे तयार जुडगे फ्रान्समध्ये आले आणि ठरल्या जागी पोचेनात. २००६ मध्ये जाहीर करावं लागलं की विमानं लांबणार, आणि ती दीड-दोन वर्षं लांबली. कॅटियाच्या दोन्ही आवृत्त्या एकाच कंपनीच्या होत्या, हे लक्षात घ्या. आमच्याकडे तर चार कंपन्या आणि एक इंटर्न.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००४ मध्ये हिशेब मांडला होता. इमारतींची माहिती या प्रोग्रॅममधून त्या प्रोग्रॅममध्ये नीट जात नाही, यापायी त्या देशातल्या मोठ्या बांधकामांना वर्षाला १,५८० कोटी डॉलरचा फटका. त्यातला दोन-तृतीयांश आर्किटेक्टच्या किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या खिशातून जात नव्हता, तो इमारतीच्या मालकाच्या आणि ती चालवणाऱ्याच्या माथी बसत होता. आता कळलं ना, वीस वर्षांत कुणाला घाई का झाली नाही?

आणि एवढं करून शेवटी काय होतं? सिंगापूरने २०१५ पासून ५,००० चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींसाठी मंजुरीला मॉडेलच मागायला सुरुवात केली. आपल्याकडे नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम, म्हणजे वेळापत्रक आणि खर्चही जोडलेलं मॉडेल, करून दाखवलं, त्याचं कौतुक आहे. पण आमच्या गल्लीतल्या सात मजली रीडेव्हलपमेंटला पालिकेकडे जायचं असतं ते सपाट नकाशा घेऊन, ठरलेल्या नावांच्या लेयरांत, ठरलेल्या रंगांत. चार प्रोग्रॅम, तीन प्लगिन आणि अंगात आलेलं थ्रीडी पुन्हा पाटावर लाटून पोळी करायची.

असो. फोनकडे येतो.

“झालं साहेब, कालच बसवलं. नळ तेवढा बाकी आहे,” यानंतर कॉन्ट्रॅक्टर जरा थांबला होता. मग म्हणाला, “आणि ओटा ड्राय बाल्कनीच्या दारात सहा इंच बाहेर आलाय.”

“बाहेर आलाय म्हणजे?”

“म्हणजे दार उघडतंय, पण माणूस आडवा जातो.”

“मग लावला कशाला?”

“ड्रॉइंगप्रमाणे लावला. भिंत भिंतीच्या ड्रॉइंगप्रमाणे, ओटा ओट्याच्या ड्रॉइंगप्रमाणे.”

या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घडलं ते असं. सॅम्पल फ्लॅटच्या एका सभासद बाईंना दोन दारांचा फ्रिज घ्यायचा होता. त्यासाठी स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी यांच्यामधली भिंत १५० मिलिमीटर बाहेर सरकवायचं ठरलं. ज्युनियरने संध्याकाळी सातला हलक्या प्रोग्रॅममध्ये भिंत सरकवली, प्लगिनचं बटण दाबलं, जड प्रोग्रॅममध्ये भिंत सरकली. हिरवी खूण. तिने नव्या मापाने ओट्याची यादी काढली, ग्रॅनाइटवाल्याला मेल केली आणि घरी गेली. भिंतींचे नकाशे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मॉडेलमधून प्रिंट होऊन साइटवर गेले. त्यात भिंत होती तिथेच होती. फ्रिजवाल्या बाईंच्या आधीच्या जागी. रात्रीत सहा इंच मागे आली होती.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. ज्युनियरला समोर बसवून तासभर भाषण दिलं. आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ब्लेडने खरवडावी लागायची. भिंत सहा इंच सरकवायची म्हणजे अर्धा दिवस खरवडणं, बोटं कापून घेणं, मग अमोनियाच्या वासात नवी प्रिंट. त्यामुळे कोणती भिंत कधी सरकली हे आयुष्यभर लक्षात राहायचं. तुम्हाला बटण दाबायचं माहीत, बघायचं माहीत नाही. वगैरे. ऑफिसातल्या बाकीच्यांनी हेडफोन लावले. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “सर, प्लगिनला लॉग असतो. बघू का?”

“बघ ना. मी तेच तर म्हणतोय, बघा!”

या प्लगिनची एक खोड मला तेव्हा कळली. कुठली भिंत खरी, हे तो कधी काढली यावरून ठरवत नाही, कधी पाठवली यावरून ठरवतो. शेवटी बोलेल त्याचं खरं. सोसायटीच्या वार्षिक सभेत असतं तसं. तेव्हा आदल्या आठवड्याची जुनी फाइल एखाद्या मशीनवर उघडी राहिली असेल, आणि त्या मशीनवर कुणी आपोआप सिंक चालू करून ठेवलं असेल, तर ती जुनी फाइल मध्यरात्री उठून नव्या भिंतीला मागे ढकलू शकते. ढकलून झाल्यावर हिरवी खूण दाखवते. बघायला ऑफिसात कुणी नसलं तरी दाखवते.

त्या दिवशी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांना जुना व्ह्यू बघायचा होता, ज्युनियर जेवायला गेली होती, म्हणून कुणीतरी स्वतःच फाइल उघडून दाखवली. मग चहा आला. मग फोन आला. मग घरी जायची वेळ झाली.

ज्युनियर काही बोलली नाही. लॉगचा फोटो काढून तिने ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रात्री ११ वाजून ४६ मिनिटं, एक बदल पाठवला, यशस्वी. पाठवणाऱ्याच्या जागी मशीनचं नाव : साहेब-पीसी.

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग कॉन्ट्रॅक्टरचं टायपिंग दिसायला लागलं. त्यालाही आम्हीच कधीतरी त्या ग्रुपात घेतलं होतं.

“साहेब, मग सिंकचं काय करू? ठेवू का काढू?”